बंदचा हुकूम आणि मदतीचा हुकूम एकाच दिवशी निघावा

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच कामगार, अन्न व नागरी पुरवठा आणि मदत व पुनर्वसन खात्यांचे माननीय मंत्री

विषय : साथीच्या काळात हातावर पोट असणाऱ्यांना द्यायच्या मदतीबाबत कायमचा नियम करण्याविषयी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान चालवतो. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीत झालं. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. अम्मा पस्तीस वर्षं विड्या वळतेय. आमच्या गल्लीत सकाळी दारादारात सुपं मांडलेली असतात आणि मागून मागाचा खटखटाट येत असतो. ज्या दिवशी हे दोन्ही बंद असतं, त्या दिवशी घरात पैसा येत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, असे दिवस महिनोन् महिने आले. तेव्हा सरकारने जी मदत जाहीर केली, ती माझ्यासमोरून कागदांच्या रूपात गेली. कुणाची मंजूर झाली, कुणाची कशामुळे अडकली, हे मी जवळून पाहिलंय. ती आठवण पुसट व्हायच्या आत हे पत्र लिहावं असं वाटलं.

एप्रिल २०२० चा पहिला आठवडा. केंद्र सरकारने जनधन खातं असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये द्यायचं २६ मार्चला जाहीर केलं होतं. गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून पैसे काढायचे दिवस ठरवून दिले होते. बँकेबाहेर रस्त्यावर चुन्याने गोल आखले होते आणि बायका एकमेकींना विचारत होत्या, "शेवटचा आकडा किती गं तुझा?" शेजारच्या अक्कांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी त्यांना बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने अंगठ्याच्या मशीनवर पैसे देणाऱ्याकडे, घेऊन गेलो. दोन तास उन्हात थांबल्यावर नंबर आला. त्यांनी अंगठा ठेवला. मशीनने घेतला नाही. पदराने पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग डावा हात. कुणीतरी म्हणालं लिंबू चोळा, कुणी म्हणालं तेल लावा. सहा-सात वेळा झालं आणि मागची रांग कुरकुरायला लागली. विडी वळताना ओलं पान अंगठा आणि बोटांच्या टोकांनी दाबून गुंडाळावं लागतं, तोंड नखाने दुमडावं लागतं. दिवसाला हजार-हजार वेळा, वर्षानुवर्षं. अक्कांच्या बोटांवर रेघा उरलेल्याच नाहीत. त्या दिवशी त्या रिकाम्या हाताने परत आल्या. मशीनवर बसलेल्या मुलाचाही दोष नव्हता, तो बिचारा प्रत्येक वेळी मशीन पुसत होता.

अम्माला तर ते ५०० रुपये मिळालेच नाहीत. जनधन योजना २०१४ मध्ये आली. अम्माने त्याच्या पाच वर्षं आधी, बहिणीच्या लग्नासाठी चार पैसे साठवायला साधं बचत खातं काढलं होतं. ते जनधनमध्ये बसत नव्हतं. अम्मा आणि अक्का दोघी एकाच विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये, म्हणजे वळलेल्या विड्या जमा करायच्या ठिकाणी, माल देतात, एकाच दिवशी दोघींचं काम बंद पडलं. एकीच्या खात्यात पैसे आले, एकीच्या नाही. त्यातही ज्यांना आले त्यांना महिन्याचे ५००, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा रुपये.

धान्याबद्दल मात्र कृतज्ञतेने लिहिलंच पाहिजे. माणशी पाच किलो मोफत धान्य वेळेवर आलं. केशरी कार्डवाल्यांनाही मे-जूनमध्ये ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळाला. पाच रुपयांच्या शिवभोजन थाळीवर कितीतरी एकट्या माणसांचे दिवस निघाले. रेशन दुकानात त्या काळात कार्डधारकाचा अंगठा घेण्याची सक्ती उठवली होती, म्हणून अक्कांना धान्य मिळालं. म्हणजे अडचण कुठे आहे हे सरकारला कळतं आणि ठरवलं की ती एका आदेशाने दूर होते, हे आम्ही पाहिलेलं आहे. पण गहू दळायला पैसे लागतात, तेल-मीठ-गॅसला लागतात, घरभाड्याला आणि अम्माच्या बीपीच्या गोळ्यांना लागतात. रोख रक्कम नसेल तर घरात धान्य असूनही माणूस सावकाराच्या दारात जातो. आमच्या गल्लीत नेमकं हेच झालं.

मागावरच्या माणसांचं वेगळंच झालं. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला की लॉकडाऊनच्या काळातला पगार मालकांनी कापू नये. आमच्याकडे माग चालवणारा माणूस नगावर काम करतो. माल निघाला तर पैसे. त्याच्याकडे नेमणुकीचा कागद नाही, मग पगार कापला हे तो कुणाला आणि कसं दाखवणार? मालकाकडे गेला तर मालक म्हणाला, "उचल घे, नंतर बघू." चार माग टाकून बसलेल्या छोट्या मालकाचीही कोंडी होती, त्याचं सूत अडकलेलं, वीज बिल चालू. त्यालाच गुन्हेगार ठरवून मी मोकळा होणार नाही. पण मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला आणि उचल तेवढी राहिली. पुढची दोन वर्षं आठवड्याच्या पगारातून ती कापली जात होती. बंद सरकारने केलं, त्याची किंमत कामगाराने हप्त्याहप्त्याने भरली.

बचत गटाच्या आणि फायनान्सच्या कर्जाचंही तेच. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली. बायकांना वाटलं हप्ते माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. हे त्यांना समजावून सांगायला कुणी आलं नाही, वसुलीला मात्र आले.

मग ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी होता त्यांना तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा जमा रकमेच्या पाऊण हिश्श्याइतकी, यातली कमी असेल ती रक्कम काढायची मुभा मिळाली. या एका कामासाठी माझ्याकडे जेवढे लोक आले तेवढे आणखी कशालाच आले नसतील. विडी कामगार बाईचं पीएफला नाव माहेरचं, आधारला सासरचं. जन्मतारखेच्या जागी कुठे नुसतं साल. आमची तेलुगू आडनावं इंग्रजीत प्रत्येक कारकुनाने आपापल्या परीने लिहिलेली, एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत. जोड प्रतिज्ञापत्र, जोड राजपत्र, पुन्हा पाठव. एका मावशींचा अर्ज मी पाच वेळा भरला. पाचव्यांदा पैसे आले तेव्हा त्या पेढे घेऊन आल्या. पेढा तोंडात टाकताना मला कसंतरी झालं, कारण आलेले पैसे त्यांचेच होते, म्हातारपणासाठी ठेवलेले. ते काढायची परवानगी हा मदतीचा भाग म्हणून मोजला गेला.

महोदय, आता मुख्य मुद्द्यावर येतो. १३ एप्रिल २०२१ ला राज्य सरकारने कडक निर्बंध जाहीर करताना त्याच भाषणात ५ हजार ४७६ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. बंद आणि मदत एकत्र जाहीर होण्याची ती पद्धत मला मनापासून योग्य वाटली आणि आजही वाटते. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना १५०० रुपये. निराधार, श्रावणबाळ योजनेतल्यांना आगाऊ रक्कम. आम्ही टीव्हीसमोर बसून ऐकत होतो. अम्मा वाट बघत होती की आता विडी म्हणतील, आता माग म्हणतील. भाषण संपलं. सोलापूर ज्या दोन धंद्यांवर उभं आहे ते दोन्ही त्या यादीत नव्हते.

जे यादीत होते त्यांचेही फॉर्म मीच भरले. भाड्याची रिक्षा चालवणाऱ्याचं नाव परवान्यावर नव्हतं, पैसे परवानाधारकाच्या खात्यात. गाडीवर भाजी विकणाऱ्या बाईची नोंद फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नव्हती, कारण सर्वेक्षण झालं तेव्हा ती बाळंत होती. बांधकामावरच्या मिस्त्रीची नोंदणी होती, पण नूतनीकरण चुकलेलं. सरकारी भाषेत त्याला 'जीवित नोंदणी' नाही असं म्हणतात. आणि ज्यांना मिळाले त्यांना किती? १४ एप्रिलच्या रात्रीपासून १ जूनच्या सकाळपर्यंत ४७ दिवस. १५०० भागिले ४७, दिवसाला बत्तीस रुपये.

त्याआधी, जुलै २०२० मध्ये, देश उघडत असताना सोलापुरात १६ ते २६ तारखेपर्यंत दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन झाला. तो गरजेचा असेल, त्यावर मी वाद घालत नाही. साथ पूर्व भागातल्या दाट वस्तीत पसरत होती आणि रोज कुणाचं तरी नाव कानावर यायचं. पण जनधनचे तीन हप्ते जूनमध्येच संपले होते. त्या दहा दिवसांसाठी आमच्या गल्लीत कुणाच्याही खात्यात वेगळा एक रुपया आला नाही. म्हणून काही घरांत पान, तंबाखू आणि दोरा लपवून आणला जात होता, रात्री दार लावून विड्या वळल्या जात होत्या. साथीत नियम का मोडले जातात याचा अभ्यास करायचा असेल तर त्या बंद दारांपासून सुरुवात करावी.

आमच्या शेजारी सांगोल्याकडचे एक तात्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. ते १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगतात. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, दुपारी सुकडी मिळायची, मुकादम मस्टरवर नाव घालायचा. "कागद कोण विचारतंय? जो येईल त्याला हातोडा." त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली कायदा झाला, आणि पुढे देशाने तो धडा घेतला. तात्यांचं बोलणं ऐकताना माझ्या लक्षात आलं की दुष्काळात भुकेला माणूस कामावर चालत येतो, आणि येतो म्हणून दिसतो. यादी आपोआप तयार होते. साथीत सरकारच त्याला सांगतं, घरात बस. मग तो कुणाला दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला यादीशिवाय दुसरा रस्ताच नसतो, आणि यादी करायला लागणारी माणसं तेव्हा दवाखान्यात, चेकपोस्टवर आणि स्मशानात गुंतलेली असतात. म्हणून साथीची यादी साथ नसताना करावी लागते. ती करायची वेळ आत्ता आहे.

यादी होऊच शकत नाही असं कृपया कुणी म्हणू नये. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथेच उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते घरं दिली गेली. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर झालं, त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या. एवढ्या घरांसाठी कोण विडी वळतं, कोण माग चालवतं, हे तपासूनच घेतलं गेलं ना? आणि २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा माझ्या दुकानासमोर सकाळी सातला रांग लागायची. जुलैत अर्ज, ऑगस्टच्या मध्यावर खात्यात पैसे. दरमहा १५००. तोच आकडा बघून मला २०२१ आठवलं. अक्कांच्या खात्यातही ते पैसे आले. म्हणजे वाट तयार आहे. फक्त त्या यादीत मागावरचा पुरुष नाही, पासष्टी ओलांडलेली आणि अजूनही विड्या वळणारी माझी अम्मा नाही, भाड्याच्या रिक्षावाला नाही. त्या यादीत बाईचं वय आणि घराचं उत्पन्न आहे, पण शहर बंद झालं तर उद्या कुणाची मजुरी बुडेल हे त्यात नाही.

असंघटित कामगारांची नोंद करणाऱ्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर २०२१ च्या ऑगस्टपासून आम्ही हजारो कार्डं काढली. लोक ती लॅमिनेट करून, देवाच्या फोटोमागे ठेवून आहेत. त्या कार्डाचा उपयोग काय, असं मला रोज कुणीतरी विचारतं. त्याचा हा उपयोग करा. विडी कारखान्यांच्या प्रत्येक ब्रँचमध्ये कामगाराचं नाव आणि रोजच्या मालाचा हिशेब असतो. यंत्रमाग कारखान्यात आठवड्याच्या पगाराची वही असते. या वह्या ई-श्रमच्या नोंदींशी वर्षातून एकदा जुळवा. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही त्याला महापालिकेच्या झोन कार्यालयात येऊन, दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने, स्वतःचं नाव घालता यावं. दरवर्षी नूतनीकरणाची अट नको. माणूस आहे तोवर नोंद राहू द्या. आणि अंगठ्यावर सगळं अडवू नका. चेहरा, ओटीपी, नाहीतर ओळखपत्र बघून सही, यातलं जे जमेल ते चालावं.

मग नियम असा हवा की जिल्हा किंवा शहर साथीसाठी बंद करण्याचा आदेश जो अधिकारी काढेल, त्याच आदेशात मदतीचं कलम असेल. सात दिवसांहून जास्त बंद असेल तर यादीतल्या प्रत्येकाला बंदच्या प्रत्येक दिवसाला किमान वेतनाच्या निम्मी रक्कम, पहिला हप्ता आठव्या दिवशी. अर्ज मागवायचे नाहीत, कारण अर्ज भरायची दुकानंही तेव्हा बंद असतात. त्या दिवसांचं छोट्या कर्जांचं व्याज सरकारने आणि बँकांनी मिळून सोसावं. आणि निम्मं वेतन ही मी मागितलेली कमीत कमी रक्कम आहे. त्याहून कमीत घर चालत नाही, हे मी पगाराच्या आणि हप्त्याच्या वह्या बघून सांगतो.

पैसा कुठून, हा प्रश्न योग्य आहे. साथीत राज्याचं उत्पन्न आटतं, ऑक्सिजन आणि खाटांचा खर्च वाढतो, हे मला मान्य आहे. पण याच महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे दिले आणि ते कुणाला चुकीचं वाटलं नाही. आज शहरातल्या कष्टकऱ्यासाठी तसाच एक साथ निधी दरवर्षी थोडाथोडा साठवता येईल. विडीवर पूर्वी कामगार कल्याणासाठी वेगळा उपकर होता, २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो गेला. विडीवरच्या करातला एक वाटा पुन्हा विडी वळणाऱ्या हातांसाठी बाजूला काढावा, ही मागणी राज्याने जीएसटी परिषदेत लावून धरावी.

एक गोष्ट राहिली. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायची योजना सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आली. त्याचेही अर्ज मी भरले. दवाखान्यात जागा मिळाली नाही म्हणून ज्यांनी घरीच प्राण सोडले, ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांच्या बायका रिकामी फाइल घेऊन दुकानात बसायच्या. 'आजाराचा पुरावा आणा' हे वाक्य त्यांना मला वाचून दाखवावं लागायचं. पुढच्या वेळी तपासणी पोचली नसेल तिथे वॉर्डातल्या आशाताईंचा आणि डॉक्टरचा दाखला पुरावा म्हणून चालावा, एवढं तरी करा.

२०२१ च्या निर्बंधांत दुकान बंद होतं तेव्हा मी एक दोनशे पानी वही घेतली आणि आमच्या गल्लीतली घरं एकेक करून लिहून काढली. नाव, काम, कुठल्या ब्रँचला किंवा कुठल्या मागावर, रेशन कार्डाचा रंग, खातं जनधन की साधं, अंगठा लागतो की नाही, आणि त्या वर्षी सरकारकडून हातात किती आलं. शेवटच्या रकान्यात बऱ्याच ओळींत शून्य आहे. चोपन्न घरं लिहायला मला एकट्याला चार संध्याकाळी लागल्या. गेल्या महिन्यात मी ती पुन्हा ताजी केली. दोन घरं रे नगरला गेली, तीन म्हातारे वारले, अक्कांचा मुलगा आता मागावर जातो. ती वही, लोकांची संमती घेऊन, मी आपल्या कार्यालयात कधीही आणून द्यायला तयार आहे. आमच्यासारखी फॉर्म भरणारी दुकानं पूर्व भागात जवळपास प्रत्येक चौकात आहेत. त्यांना कामाला लावा. मोबदला मागणार नाही. कुणाला पाठवणार असाल तर सकाळी अकराच्या आत पाठवा, त्या वेळी बायका ब्रँचला माल देऊन परत येताना दुकानावरूनच जातात, वहीतली नावं समोरासमोर तपासता येतील.

आपला नम्र,
पूर्व भागातला एक झेरॉक्स दुकानदार
सोलापूर